शिकावं चारचौघांत, बोलावं दोघांत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या सप्ताहानंतर दोन दिवसांचं दांपत्य शिबिर घ्यावं की नाही, हा विषय गेला महिनाभर आपल्या सगळ्या केंद्रांच्या ग्रुपवर चालू आहे. इंदूरच्या ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं, सत्संगात नाम घ्यावं, प्रपंचाची धुणी इथं कशाला? बडोद्याचे तरुण साधक म्हणतात, आमच्या वयाची जोडपी पैसे भरून बाहेरच्या वर्कशॉपला जातात, मग आपल्याकडे का नको? फोंड्याच्या एका ताईंनी लिहिलं, "आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी चर्चचा कोर्स करावा लागतो. आपल्याकडे मुहूर्त ठरतो, हॉल ठरतो, जेवणाचा मेनू ठरतो. दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं, एवढंच कुणी ठरवत नाही."

आणि बेळगावच्या बैठकीत एक काकू उठून म्हणाल्या, "समजून घ्यायला शिकवणार म्हणता. तेच करतोय की पंचवीस वर्षं! ह्यांना शिकवा."

सगळे हसले. मग गप्प झाले. काकूंना उत्तर कुणीच दिलं नाही. ते आमच्याकडेही नव्हतं, म्हणून हा लेख.

आधी आमची एक चूक कबूल केली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी एका केंद्रात आपण असाच एक दिवसाचा कार्यक्रम घेतला होता. सकाळी प्रवचन झालं, महाप्रसाद झाला, आणि दुपारी जरा खेळीमेळीचं वातावरण व्हावं म्हणून आम्हीच एक टूम काढली. प्रत्येक जोडप्यानं पुढं यायचं आणि जोडीदाराची एक खोड माईकवर सांगायची. कुणाचं घोरणं, कुणाचा विसरभोळेपणा, कुणाचं दहादा कुलूप ओढून बघणं, असं चाललं होतं. एका दादांनी सांगितलं, "आमच्या हिला बँकेची स्लिपसुद्धा भरता येत नाही. मी नसलो तर हिचं काही खरं नाही." हॉल हसला. आम्हीही हसलो. वहिनीही हसल्या.

पुढच्या गुरुवारी वहिनी आल्या नाहीत. नंतरही कधी आल्या नाहीत. दोन महिन्यांनी आमच्यातल्या एक ताई त्यांच्या घरी गेल्या, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "घरात रोज ऐकते, त्याचं काही नाही. पण महाराजांच्या फोटोसमोर दीडशे माणसं हसली."

त्या दादांचं चुकलंच. पण माईक त्यांच्या हातात आम्ही दिला होता.

म्हणून "शिबिर घ्यावं का" याच्या आधीचा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. नवरा-बायकोमधलं नातं ही चारचौघांत बसून शिकण्याची गोष्ट आहे का? असेल, तर चारचौघांत काय आणावं आणि काय आणू नये?

जोडप्यांना एकत्र बसवून शिकवण्याची रीत आपण काढलेली नाही. स्पेनमधले एक कॅथलिक धर्मगुरू, फादर गाब्रिएल काल्वो, 1952 पासून विवाहित जोडप्यांमध्ये हे काम करू लागले. 1962 मध्ये बार्सिलोना शहरात त्यांनी 28 जोडप्यांचं शनिवार-रविवारचं पहिलं शिबिर घेतलं. तेच पुढं 'मॅरेज एन्काउंटर' या नावानं जगभर पसरलं, भारतातही आलं. आम्ही त्याची पद्धत मुद्दाम समजून घेतली आणि आमची मान खाली गेली. तिथं पुढं बसून बोलतात ते शिबिर चालवणारं जोडपं आणि धर्मगुरू, आणि तेही स्वतःच्याच आयुष्याबद्दल. मग एक प्रश्न दिला जातो. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, आपापल्या वहीत उत्तर लिहितात. नंतर दोघं आपल्या खोलीत जातात, वह्यांची अदलाबदल करतात, वाचतात आणि बोलतात. दहा मिनिटं लिहिणं, दहा मिनिटं बोलणं. हॉलमध्ये उठून आपल्या घरचं कुणालाही सांगावं लागत नाही.

ऐकायचं सगळ्यांनी मिळून, बोलायचं दोघांनीच. आम्ही नेमकं उलट केलं होतं. दोघांचं बोलणं सगळ्यांना ऐकवलं होतं.

दुसरी एक पद्धत अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातली. हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञांच्या 'प्रेप' नावाच्या अभ्यासक्रमात एक साधा नियम आहे. एक वस्तू हातात घ्यायची. ती ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, थोडं थोडं, आणि स्वतःला काय वाटतं तेवढंच. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, सफाई द्यायची नाही. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. बोलणारा "हो, असंच" म्हणाला की मग वस्तू दुसऱ्याच्या हातात.

आमच्यातल्या काहींनी हे घरी करून पाहिलं. वस्तू म्हणून पूजेतली सुपारी घेतली. एका घरातली हकीकत त्या दोघांना विचारूनच इथं देतो. ताई म्हणाल्या, "रात्री फोन आला की तुम्ही गॅलरीत जाता. तेव्हा मला परकं वाटतं." दादा म्हणाले, "म्हणजे मी फोनवर फार असतो असं तुझं म्हणणं." "नाही, तसं नाही म्हटलं." "मग काय, फोन घ्यायचाच नाही?" "तसंही नाही." दादा चिडले, सुपारी टेबलावर ठेवली, परत उचलून ताईंच्या हातात दिली. तिसऱ्या वेळी कुठं त्यांच्या तोंडून निघालं, "मी गॅलरीत गेलो की तुला परकं वाटतं." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात समोरच्याचं एक वाक्य जसंच्या तसं ऐकायला तीन प्रयत्न लागले! दादा स्वतःच म्हणाले, "रोज ध्यानाला तासभर बसतो, पण हिच्यापुढं दोन मिनिटं बसवेना."

इथं इंदूरच्या मंडळींना नम्रपणे सांगावंसं वाटतं, ही प्रपंचाची धुणी नाहीत. 'मी' बाजूला ठेवून दुसऱ्याचं ऐकणं ही साधनाच आहे. समर्थांनीही परमार्थाच्या आधी प्रपंच नीट करायला सांगितलं आहे.

पण एवढ्यानं शिबिराचा गुणगौरव करून मोकळं व्हावं, असंही नाही. असल्या वर्गांतून खरंच काय निष्पन्न होतं, हे मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकन सरकारनं 2006 पासून पाच वर्षं, दर वर्षी 15 कोटी डॉलर, विवाह आणि पितृत्व शिक्षणाच्या उपक्रमांसाठी ठेवले. त्याच सुमारास दोन मोठे अभ्यास झाले. एकात नुकतंच मूल झालेली किंवा होऊ घातलेली, पण लग्न न झालेली पाच हजारांहून अधिक जोडपी होती. दुसऱ्यात कमी उत्पन्नाची सहा हजारांहून अधिक विवाहित जोडपी होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना वर्ग दिले, निम्म्यांना दिले नाहीत, आणि पुढं काही वर्षं दोन्ही गटांची चौकशी केली.

पहिल्या अभ्यासात सगळी ठिकाणं मिळून काहीच फरक दिसला नाही. वर्गासाठी निवडलेल्यांपैकी निम्म्याच्या जवळपास जोडपी एकाही वर्गाला आली नव्हती. बाल्टिमोर या एका शहरात तर सव्वा वर्षानंतर परिणाम उलटे दिसले, वर्ग मिळालेली जोडपी एकत्र राहण्याचं प्रमाण कमी होतं. दुसऱ्या, विवाहितांच्या अभ्यासात 24 ते 30 तासांचं शिक्षण होतं. तिथं थोडा गुण आला. बोलण्यातला कडवटपणा थोडा कमी झाला, जिव्हाळा थोडा वाढला, आणि हा थोडा फरक अडीच वर्षांनंतरही टिकून होता. पण लग्न टिकण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नाही.

हे वाचून आमच्यातले काही नाराज झाले. एवढा पैसा, एवढी माणसं, आणि हाती 'थोडं'? आम्हाला मात्र यात एक प्रामाणिकपणा दिसतो आणि आपल्यासाठी धडाही. ज्या घरात भाड्याची चिंता आहे, नोकरीचा भरवसा नाही, त्या घराचा सगळा भार बोलण्याच्या पद्धतीवर टाकता येत नाही. वर्ग संसार वाचवत नाही. वर्ग बोलण्याची रीत शिकवतो, आणि रीत ही थोडीच गोष्ट असते. पण संसारात रोज जे घडतं ते थोडंथोडंच असतं. म्हणून शिबिर झालंच, तर "दोन दिवसांत सुखी संसार" असला बॅनर आपण लावू नये. ते खोटं बोलणं होईल, आणि तेही दत्तमहाराजांच्या दारात.

जॉन गॉटमन यांनी अमेरिकेतच सिएटलला अनेक वर्षं जोडप्यांची भांडणं प्रयोगशाळेत बसून पाहिली. त्यांचं म्हणणं असं की नवरा-बायकोच्या मतभेदांपैकी सुमारे 69 टक्के मतभेद कधीच सुटत नाहीत. स्वभावांतून आलेले असतात, जन्मभर राहतात. फरक एवढाच की काही जोडपी त्यांच्याबद्दल हसत-बोलत राहतात आणि काहींच्या घरात त्यांचा दगड होतो. आपल्या आजी-आजोबांकडे पाहिलं तर हे पटतं. आजोबांना दार उघडं हवं, आजीला बंद. पन्नास वर्षं झाली, दार कसं असावं हे अजून ठरलेलं नाही. पण आजोबा फिरायला गेले की आजी दार उघडं ठेवते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या परंपरेत याला आधार आहे का? आम्हाला बृहदारण्यक उपनिषदातला प्रसंग आठवतो. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत. मैत्रेयी आणि कात्यायनी, दोघींत संपत्तीची वाटणी करून द्यायची म्हणतात. मैत्रेयी विचारते, या संपत्तीनं मी अमर होईन का? आणि मग तो मोठा संवाद सुरू होतो. श्रवण, मनन, निदिध्यासन हे तीन शब्द आपण प्रत्येक प्रवचनात ऐकतो. त्यांचा उपदेश त्या संवादात आहे, म्हणजे एका नवऱ्यानं बायकोला, तिनं विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेला. याज्ञवल्क्य काही आदर्श संसारी नव्हते, ते तर निघालेच होते. पण बायकोनं अडवून प्रश्न केला तेव्हा "तुला काय कळतंय" म्हणाले नाहीत. थांबले, तिला जवळ बसायला सांगितलं आणि बोलले.

त्या तीन शब्दांतच आम्हाला आमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. श्रवण चारचौघांत व्हावं. दुसऱ्या जोडप्याला स्वतःबद्दल बोलताना ऐकलं की कळतं, घरोघरी मातीच्या चुली. आपलंच काही जगावेगळं बिघडलेलं नाही, हा दिलासा एकट्यानं पुस्तक वाचून मिळत नाही. मनन ज्याचं त्यानं, वहीपाशी करावं. आणि निदिध्यास म्हणजे पुन्हा पुन्हा तेच करत राहणं, तो घरातच होणार, गॅलरीचं दार आणि टेबलावरची सुपारी यांच्या मध्ये.

आपल्या महाराजांना ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना आठवत असेल, दरबार भरलेला असताना त्यांनी कुणालाही कधी घरचं विचारलं नाही. विचारायचंच असलं तर उठून ओसरीवर जात, दोघांना बाजूला घेत. आम्ही ते रोज पाहिलं, आणि वेळ आली तेव्हा माईक लावला.

जोडीदाराची अब्रू आपल्याकडे ठेव म्हणून असते. तिच्या किंवा त्याच्या कमीपणाची गोष्ट आपल्या एकट्याच्या मालकीची नसते. ती दुसऱ्याला विचारल्याशिवाय सभेत खर्च करता येत नाही, विनोदासाठी तर नाहीच.

मात्र इथं थांबलो तर आम्ही एक मोठा अन्याय करू, आणि बेळगावच्या काकूंचा प्रश्न पुन्हा टाळू. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. पण मुठीत निखारा असेल तर? "घरातलं घरात" या शब्दांखाली किती बायकांनी मार झाकला, किती जणींनी उपासमार झाकली, हे सत्संगात वर्षानुवर्षं येणाऱ्या आम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे? माहीत असतं. आपण "प्रारब्ध" म्हणतो आणि आरतीला उभे राहतो.

संत बहिणाबाईंचं चरित्र आपण पारायणात वाचतो. सतराव्या शतकातली ही तुकोबांची शिष्या. लहानपणीच वयानं कितीतरी मोठ्या माणसाशी लग्न झालं. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला जाते, तुकोबांचा ध्यास घेते, म्हणून नवऱ्यानं तिला मारलं. हे दुसऱ्या कुणी रचून सांगितलेलं नाही, तिनं स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलं आहे. पुढं नवरा आजारी पडला, पालटला, दोघं देहूला गेली. पतिसेवेचा धर्मही तिनंच सांगितला आहे, ते आम्ही लपवत नाही. पण प्रवचनात आपण हा प्रसंग कसा सांगतो? "बघा, तिनं सोसलं म्हणून नवरा सुधारला." तिनं सोसलं हे खरं. पण मार बसला हेही तिनं लिहून ठेवलं, आणि तुकोबा सोडले नाहीत. आपण पहिलं तेवढं उचलतो आणि बाकीचं गाळतो. तिच्या मारात आपण बायकांना सहनशीलतेचा धडा दाखवतो, पण नवऱ्यांना पश्चात्तापाचा धडा कधी दाखवत नाही.

म्हणून गुपित राखणं आणि गुन्हा लपवणं यात फरक केला पाहिजे. ओळखायची खूण आम्हाला सुचते ती अशी. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची भीती वाटते का? भीती नसेल तर ते दोघांचं आहे, दोघांत राहू द्या. भीती असेल, तर ते झाकायचं नाही. सभेत नव्हे, पण योग्य माणसापाशी सांगायचंच. अशा घराला सुपारीचा खेळ उपयोगाचा नाही, उलट घातक आहे. ज्या बाईनं शिबिरात खरं बोललं तर घरी गेल्यावर मार बसणार आहे, तिला "मनमोकळं बोला" म्हणणं हे पाप आहे. अमेरिकेतल्या त्या दोन्ही अभ्यासांत जोडप्यांना वर्गात घेण्याआधी घरात हिंसा आहे का याची चौकशी केली जात असे. आपण तेवढंही केलं नव्हतं. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा आहे, महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे, तातडीच्या वेळी 112 आहे. हे क्रमांक केंद्राच्या फळ्यावर सुविचाराच्या शेजारी लिहिले तर पावित्र्य कमी होणार नाही.

आता काकूंना उत्तर. काकू, तुमचं बरोबर आहे. 'समजून घ्या' हा उपदेश आपण आजवर दोघांना म्हणून केला आणि पोचवला एकीलाच. ज्याला घरात आधीच ऐकलं जातं त्याला ऐकायला शिकवणं, आणि जिला ऐकलंच जात नाही तिला बोलायला जागा देणं, हे शिबिराचं काम. जी आधीच वाकलेली आहे तिला आणखी वाकायला शिकवण्यासाठी शिबिर नको. तसं होणार असेल तर न झालेलंच बरं.

या विचारानं आम्ही सर्व केंद्रांपुढं एवढं ठेवतो. शिबिरात माईकवर बोलतील ते चालवणारं जोडपं, आणि दोघांनी मिळून ठरवलेलं, स्वतःबद्दलच. बाकीच्यांना वह्या द्याव्यात, आणि बोलायला अंगणात, गच्चीवर, जिथं मिळेल तिथं दोघांपुरती जागा. सुपारी पहिल्यांदा बायकोच्या हातात द्यावी. नाव नोंदवताना नवरा आणि बायको या दोघांशी वेगवेगळं बोलावं, आणि "मला यायचं नाही" असं एकानं जरी सांगितलं तरी कारण न विचारता ते नाव बाजूला ठेवावं. बायकांशी बोलायला अनुभवी ताई असाव्यात, आणि भीतीची गोष्ट निघाली तर काय करायचं हे त्यांना आधीपासून माहीत असावं. शिबिरानंतर महिन्यातून एका गुरुवारी अर्धा तास पुन्हा जमावं, कारण दोन दिवसांचं शिक्षण दोन आठवड्यांत विसरतं.

आणि शिबिर होवो न होवो, एक काम त्याआधीचं आहे. त्या वहिनींच्या घरी आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत. शिबिराचं निमंत्रण द्यायला नाही. हसलो त्याची माफी मागायला. त्या बोलल्या तर ऐकू. उत्तर देणार नाही, सफाई देणार नाही. नाही बोलल्या तर चहा घेऊन परत येऊ.

या लेखावर आपली मतं जरूर कळवा. एकच विनंती, आपल्या घरातला प्रसंग ग्रुपवर टाकू नका. शिबिराबद्दलचं मत ग्रुपवर लिहा, घरचं काही सांगायचं असेल तर केंद्रातल्या विश्वासाच्या ताईंना किंवा दादांना स्वतंत्र फोन करा. आणि जे घरातच बोलण्यासारखं आहे, ते आज रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, घरातच बोला. सुपारी देवघरात आहेच.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥